वाळवंटाचे अंतर कापणारा राजा

हज यात्रेचे दिवस आले की आपल्या बेटावरचे मुसलमान शेजारी सामानसुमान बांधून प्लेझान्सच्या विमानतळाकडे निघतात. त्यांना निरोप द्यायला शेजारपाजारचे सगळेच जमतात आणि त्यात आपली मराठी माणसेही असतात. अशा वेळी कोणीतरी विचारतेच, की प्रवास किती तासांचा? मॉरिशस ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे 5000 किलोमीटर आहे. विमान वाटेत न थांबता सरळ गेले तर साडेसहा-सात तासांत पोहोचते. यात्रेकरू जिथे उतरतात त्या जेद्दाच्या विमानतळाला राजे अब्दुल अझीझ यांचे नाव आहे. हा विमानतळ 1981 साली सुरू झाला. हज यात्रेकरूंसाठी तिथे एक स्वतंत्र इमारत असून तिचे छप्पर ओळीने उभारलेल्या पांढऱ्या तंबूंसारखे दिसते.

ज्या राजांचे नाव या विमानतळाला दिले आहे, त्यांनी आयुष्यातला बराचसा प्रवास उंटाच्या पाठीवरून केला होता. विमानात ते पहिल्यांदा बसले तेव्हा सत्तरीच्या घरात आले होते. सौदी अरेबिया हा देश त्यांनीच उभा केला. त्यांचे चरित्र वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. त्यांना जितके शत्रूंशी झुंजावे लागले, तितकेच अंतराशीही झुंजावे लागले.

दोन शहरांमधली वाट

सौदी अरेबियाची दोन मोठी शहरे म्हणजे रियाध आणि जेद्दा. रियाध देशाच्या मध्यभागी, नज्द नावाच्या कोरड्या पठारावर वसले आहे. जेद्दा पश्चिमेला तांबड्या समुद्रावरचे बंदर आहे. त्या प्रांताला हिजाज म्हणतात आणि मक्का व मदिना ही पवित्र शहरेही त्याच प्रांतात आहेत. रियाध ते जेद्दा हवाई अंतर सुमारे 850 किलोमीटर. आजचे विमान ते दोन तासांच्या आत कापते. मोटारीने गेल्यास वाट साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास पडते आणि पुरा दिवस जातो.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा. विमानाला डोंगर, वाळू, विहिरी यांची पर्वा नसते, म्हणून ते या रेषेच्या जवळपास राहून उडू शकते. उंटांच्या तांड्याला मात्र विहिरीकडूनच जावे लागे. जिथे पाणी तिथे मुक्काम, मग वाट कितीही वाकडी पडो. तांडा दिवसाकाठी साधारण चाळीस किलोमीटर चाले. या हिशेबाने रियाधहून जेद्दाला पोहोचायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागे. रियाधहून पत्र पाठवले तर त्याचे उत्तर हाती यायला दीड महिना जाई. एवढ्या काळात एखादे राज्य बुडून दुसरे उभे राहू शकते. त्यामुळे नज्दचा मालक वेगळा आणि हिजाजचा वेगळा, हीच तिथली बहुतेक काळची रीत होती.

निर्वासित मुलगा

अब्दुल अझीझ यांचा जन्म रियाध येथे झाला. त्यांच्या जन्माचे साल कोणी 1876 देतात, तर कोणी 1880. त्यांचे घराणे सौद यांचे, वडिलांचे नाव अब्दुल रहमान. या घराण्याने पूर्वी दोनदा राज्य स्थापन केले होते आणि दोन्ही वेळा ते गमावले होते. 1891 च्या सुमारास उत्तरेकडच्या हाइल शहराच्या रशीद घराण्याने रियाधवर पूर्ण ताबा मिळवला आणि अब्दुल रहमान यांना बायकामुलांसह पळावे लागले. काही काळ हे कुटुंब मुर्रा टोळीच्या आश्रयाने रुब अल खाली या महावाळवंटाच्या काठावर राहिले. ऊन, तहान, खजूर आणि उंटिणीचे दूध, असे ते दिवस होते. टोळीवाल्यांची भाषा, त्यांचा मान-अपमान, वाळूतले माग ओळखण्याची त्यांची कला, हे सगळे या मुलाने तिथेच शिकून घेतले. पुढे कुवेतच्या शेखांनी कुटुंबाला आसरा दिला.

कुवेत हे गजबजलेले बंदर होते. मुंबईशी त्याचा जुना व्यापार होता. इथले मोती मुंबईला जात आणि मुंबईहून तांदूळ, कापड, मसाले येत. आपले रुपयेही या किनाऱ्यावर सर्रास चालत. या बंदरात वाढलेल्या तरुणाला जगाची थोडीफार ओळख झाली, पण त्याचे मन रियाधकडेच होते.

कुवेत ते रियाध हवाई अंतर जेमतेम 530 किलोमीटर आहे. 1901 च्या अखेरीस अब्दुल अझीझ चाळीसेक साथीदार घेऊन कुवेतहून निघाले. ते सरळ वाटेने गेले नाहीत. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून दक्षिणेला महावाळवंटाच्या कडेपर्यंत उतरले, रमझानच्या दिवसांत तिथे दबा धरून राहिले आणि ईद झाल्यावर रात्रीच्या रात्री मजल मारत रियाधजवळ आले. जानेवारी 1902 मधल्या एका रात्री निवडक माणसे भिंत चढून शहरात शिरली. रशीदांचा सुभेदार अजलान रात्री मस्मक नावाच्या किल्ल्यात झोपे आणि सकाळी समोरच्या घरी बायकोकडे येई. हे लोक त्याच घरात लपून बसले. पहाटे अजलान बाहेर पडताच झडप घातली गेली. किल्ल्याच्या दारात झटापट झाली, अजलान मारला गेला आणि सूर्य वर येण्याच्या आत शहर सौदांच्या हाती आले. त्या झटापटीत फेकलेल्या भाल्याचे टोक मस्मकच्या दारात रुतून बसले, ते आजही दाखवतात. 1670 साली तानाजी मालुसऱ्यांनी रात्री कडा चढून सिंहगड घेतला ती कथा लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या वाचकांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

राज्य वाढते, अंतरही वाढते

रियाध मिळाले, पण एक शहर म्हणजे राज्य नव्हे. पुढची वीस वर्षे लढाया आणि तह यांतच गेली. 1913 साली त्यांनी तुर्कांकडून पूर्वेचा अल हसा प्रांत घेतला आणि इराणच्या आखातापर्यंत हद्द नेली. 1915 साली इंग्रजांशी तह केला. 1921 साली रशीदांचे हाइल पडले.

मधल्या काळात एक लक्षात ठेवण्यासारखी घटना घडली. नोव्हेंबर 1916 मध्ये इंग्रजांनी त्यांना इराकमधील बसरा येथे बोलावले. तिथे ते आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसले, आकाशात उडणारे विमान पाहिले आणि क्षकिरणांच्या यंत्रात स्वतःच्याच हाताची हाडे पाहिली. आपली ताकद दाखवून पाहुण्याला दिपवावे हा इंग्रजांचा हेतू होता. पाहुणे मात्र हे सगळे शांतपणे न्याहाळत होते. पुढील आयुष्यात त्यांनी काय काय आणले हे पाहिले, तर त्या दिवसाची आठवण ते विसरले नसावेत असेच वाटते.

दुसऱ्याच वर्षी, 1917 मध्ये, भारतातल्या सनदी नोकरीतून आलेला फिल्बी नावाचा इंग्रज अधिकारी त्यांच्या भेटीस आला. तो आखाताच्या किनाऱ्यावर उकैर येथे उतरला, रियाधला त्यांना भेटला आणि तसाच पुढे तांबड्या समुद्रावर जेद्दाला गेला. या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंतच्या प्रवासाला त्याला 44 दिवस लागले. हवाई रेषेने पाहिले तर हे अंतर सुमारे 1200 किलोमीटर, म्हणजे आजच्या विमानाला दोन तासांच्या आसपास. हाच फिल्बी पुढे सरकारी नोकरी सोडून जेद्दाला स्थायिक झाला आणि राजांचा सल्लागार म्हणून ओळखला गेला.

1924 साली नज्दच्या फौजा हिजाजात घुसल्या. ताइफ शहर पडले तेव्हा तिथे शेकडो निरपराध माणसांची कत्तल झाली. ही गोष्ट झाकून ठेवता येत नाही. त्यांच्या कारकिर्दीवरचा तो डाग आहे. पुढे मक्केत रक्तपात होऊ नये म्हणून त्यांनी सक्त ताकीद दिली. ते स्वतः रियाधहून उंटावर निघाले आणि सुमारे तीन आठवड्यांच्या मजलीनंतर, डिसेंबर 1924 मध्ये, यात्रेकरूची साधी शुभ्र वस्त्रे नेसून मक्केत शिरले. वर्षभराच्या वेढ्यानंतर डिसेंबर 1925 मध्ये जेद्दानेही शरणागती पत्करली. जानेवारी 1926 मध्ये ते हिजाजचे राजे झाले.

यंत्रांवरून भांडण

आता रियाध आणि जेद्दा एकाच माणसाच्या हाती आले, पण दोहोंमधली तीन आठवड्यांची वाट होती तिथेच होती. रियाधला बसावे तर हिजाजात काय चालले आहे ते कळेना, मक्केत बसावे तर नज्दच्या टोळ्या मोकळ्या सुटत. राज्य टिकवायचे तर अंतर कमी केले पाहिजे, हे राजांनी ओळखले. मोटारी आणल्या, दूरध्वनी आणला, बिनतारी संदेशाची केंद्रे उभारण्याचे ठरवले.

याला विरोध झाला तो शत्रूंकडून नव्हे, स्वतःच्याच माणसांकडून. ज्यांच्या बळावर त्यांनी हिजाज जिंकला ते इखवान, म्हणजे धर्मासाठी लढणारे टोळीवाले, यांना ही यंत्रे सैतानाची करणी वाटत. त्यांची दुसरीही तक्रार होती. इराकच्या हद्दीत घुसून छापे मारण्याची त्यांना जुनी सवय होती आणि राजे आता इंग्रजांशी ठरलेल्या सीमा पाळा म्हणत होते. एक गोष्ट अशी सांगतात, की दूरध्वनीबद्दल धर्मपंडितांचा संशय फिटावा म्हणून राजांनी त्यावरून कुराणाचे पठण ऐकवले. सैतानाला पवित्र वचन कसे उच्चारता येईल, असा त्यातला मुद्दा होता. पंडितांचे समाधान झाले, इखवानांच्या पुढाऱ्यांचे झाले नाही.

शेवटी मार्च 1929 मध्ये सबिला येथे राजे आपल्याच जुन्या साथीदारांशी लढले आणि जिंकले. त्यांचा पुढारी फैसल अल दुवैश पळून कुवेतकडे गेला. 1930 साली इंग्रजांनी त्याला राजांच्या स्वाधीन केले आणि 1931 साली तो रियाधच्या तुरुंगात वारला. ज्यांनी राज्य मिळवून दिले त्यांनाच मोडून काढल्याशिवाय ते राज्य टिकले नसते, असे इतिहासकार म्हणतात. ते खरेही असेल. तरी या विजयाचा आनंद राजांना किती झाला असेल, कोण जाणे.

यानंतर बिनतारी केंद्रांचे जाळे पसरले आणि दीड महिन्याचे उत्तर काही तासांत येऊ लागले. 23 सप्टेंबर 1932 रोजी नज्द व हिजाज एक करून सौदी अरेबियाचे राज्य जाहीर झाले.

या सगळ्याचा सर्वांत मोठा लाभ यात्रेकरूंना झाला. पूर्वी जेद्दाहून मक्केला जाणारे तांडे वाटेत लुटले जात. मुंबईहून आगबोटीने आलेला गरीब यात्रेकरू आयुष्यभराची पुंजी तिथे गमावून बसे. राजांनी टोळ्यांना जरब बसवली आणि ही लूटमार बंद केली. उंटावरून रात्रीच्या मजलींनी होणारा सत्तरेक किलोमीटरचा हा प्रवास मोटारीने काही तासांवर आला. अर्थात ज्या उंटवाल्यांचे पोट या वाटेवर होते, त्यांच्या धंद्याला त्यामुळे धक्का बसला.

तेल आणि विमान

त्या काळी राज्याचे मुख्य उत्पन्न हज यात्रेतूनच येई. जगात मंदी आली, यात्रेकरू घटले आणि खजिना रिकामा झाला. म्हणून 1933 साली राजांनी एका अमेरिकन कंपनीला तेल शोधण्याचा परवाना दिला. एवढा प्रचंड मुलूख पायी शोधणे अशक्य होते. कंपनीने 1934 साली एक लहान विमान आणले आणि त्यातून छायाचित्रे घेऊन जमिनीची पाहणी केली. मार्च 1938 मध्ये दम्मामच्या सातव्या विहिरीला भरपूर तेल लागले. 1 मे 1939 रोजी रास तनूरा बंदरात पहिल्या तेलवाहू जहाजाचा नळ राजांनी स्वतः फिरवला. त्या समारंभाला ते रियाधहून शेकडो मोटारींचा ताफा घेऊन वाळवंट ओलांडून आले होते.

फेब्रुवारी 1945 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची आणि त्यांची भेट ठरली. जेद्दाहून राजे मर्फी नावाच्या अमेरिकन युद्धनौकेवर चढले. खोलीत झोपणे त्यांना पसंत नव्हते, म्हणून डेकवर तंबू उभारला गेला आणि ताज्या मांसासाठी मेंढ्याही बरोबर घेतल्या गेल्या. दोन रात्रींच्या प्रवासानंतर 14 फेब्रुवारीला सुएझ कालव्यातील ग्रेट बिटर सरोवरात दोघे भेटले. पॅलेस्टाइनचा प्रश्न त्या भेटीत निघाला आणि अरबांची बाजू राजांनी स्पष्टपणे मांडली. रूझवेल्ट यांचे पाय अधू होते आणि राजांनाही जुन्या जखमांमुळे चालणे जड जात होते. रूझवेल्ट यांनी आपली एक चाकांची खुर्ची त्यांना भेट दिली. दुसरी भेट होती डीसी-3 जातीचे विमान.

हे विमान त्याच वर्षी अरबस्तानात आले. त्याच्याबरोबर अमेरिकन वैमानिकही आला. 1945 मध्येच राजांनी अफीफ ते ताइफ असे पहिले उड्डाण केले. अफीफ हे रियाध-मक्का वाटेवरचे मुक्कामाचे गाव. तिथून ताइफ हवाई रेषेने 400 किलोमीटरच्या आत आहे. ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या त्या विमानाला हा दीड तासाच्या आसपासचा प्रवास. उंटाच्या हिशेबाने तो दहा दिवसांचा. ज्या वाटेवर त्यांनी 1924 साली विहिरीमागून विहीर गाठली होती, तीच वाट आता पायाखालून निघून गेली.

या एका विमानातून पुढे सौदिया ही विमान कंपनी उभी राहिली. मार्च 1947 मध्ये जेद्दा, रियाध, हुफुफ आणि धहरान यांना जोडणारी तिची नियमित वाहतूक सुरू झाली. फिल्बीला 44 दिवस लागलेली वाट आता तिकीट काढून एका दिवसात करता येऊ लागली. 1951 साली दम्मामपासून रियाधपर्यंत आगगाडीही आली. बसऱ्यात ती पहिल्यांदा पाहिली त्याला पस्तीस वर्षे झाली होती.

शेवटचा प्रवास

अखेरची वर्षे सुखाची गेली असे म्हणता येत नाही. दृष्टी अधू झाली, गुडघे धरले, खुर्चीशिवाय हिंडणे होईना. तेलाचा पैसा धो धो येऊ लागला तसा दरबारी उधळपट्टीलाही ऊत आला आणि श्रीमंत झालेले राज्य कर्जातच राहिले. वाळवंटात खजुरावर दिवस काढलेल्या माणसाला हा पैसा आवरता आला नाही.

9 नोव्हेंबर 1953 रोजी ताइफ येथे राजे अब्दुल अझीझ यांचे निधन झाले. त्यांचा देह विमानाने रियाधला आणला गेला. ताइफहून रियाध म्हणजे हयातीत त्यांनी कित्येक मुक्काम करून ओलांडलेली वाट. त्यांच्या पंथाच्या रीतीप्रमाणे अल ऊद कब्रस्तानात साध्या जमिनीत त्यांचे दफन झाले. थडगे बांधले नाही, नावही कोरले नाही. त्यांच्यामागे गादीवर आलेले सहाही राजे, सौद (1953), फैसल (1964), खालिद (1975), फहद (1982), अब्दुल्ला (2005) आणि सलमान (2015), हे त्यांचेच पुत्र. म्हणून नाव शोधायचे तर ते कबरीवर नाही, जेद्दाच्या विमानतळावर आहे.

वाचकहो, आपले पणजोबा-खापरपणजोबा मुंबई बंदरातून शिडाच्या जहाजात बसून या बेटावर आले, तेव्हा त्यांनाही वाट दिवसांतच नव्हे तर आठवड्यांत मोजावी लागली. मागे राहिलेल्या आईबापांना ते सुखरूप पोहोचल्याची खबर महिनोन् महिने मिळत नसे. काहींना ती कधीच मिळाली नाही. आज मुंबई आपल्यापासून काही तासांवर आहे. मुंबई ते जेद्दा हे सुमारे 3500 किलोमीटरचे अंतरही तसेच. मुंबईहून हज यात्रेला जाणाऱ्या आगबोटी 1995 नंतर थांबल्या आणि सगळे यात्रेकरू विमानाने जाऊ लागले.

विमानाने वेळ वाचतो, यात शंका नाही. पण दोन दूरची गावे एक व्हायची तर नुसत्या वेगाने भागत नाही. वाट सुरक्षित लागते, निरोप पोहोचावा लागतो, पलीकडच्या माणसाशी नाते राखावे लागते. त्या वाळवंटी राजांनी हे केले आणि त्याची किंमतही मोजली, काही स्वतः, काही इतरांकडून. यंदा शेजारच्या घरी हजहून परतलेल्यांना भेटायला जाल आणि ते तुमच्या हातावर खजूर व झमझमचे पाणी ठेवतील, तेव्हा जेद्दाच्या विमानतळाचा विषय काढून पाहा. त्या नावामागच्या माणसाची गोष्ट आता तुम्हालाही सांगता येईल.